तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांसाठी काय देऊ?

दसरा उलटला की सोसायटीच्या जिन्यात, भाजीवाल्यापाशी, स्टाफरूममध्ये मला एकच प्रश्न गाठतो. "मॅडम, यंदाही जाताय ना त्या पाड्यावर? मुलांसाठी काय देऊ? कपडे चालतील का?" विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा पिशवी तयारच असते. दरवर्षी मी "कळवते हं" म्हणून निसटते, कारण उत्तर जिन्यात उभ्या उभ्या देण्यासारखं नाही. यंदा बसून लिहिते.

मी कल्याणच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं, आता ते तरुण सहकाऱ्याकडे गेलंय. विद्यार्थ्यांना घेऊन जव्हारकडच्या त्या पाड्यावर जायची दिवाळीची ही फेरी मात्र माझ्याकडेच राहिली. खरं तर ती योजनेच्या चौकटीत कधी नीट बसलीच नाही. योजनेचं विशेष शिबिर सात दिवसांचं, आमचं ते हिवाळ्यात होतं. हे तीन दिवस त्याच्या बाहेरचे. तरीही निघायच्या आदल्या दिवशी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, याचे तास धरणार ना?" वर्षाला १२० तास भरायचे असतात, विचारण्यात चूक काही नाही. धरते.

पहिल्या वर्षी, २००९ साली, आम्ही टेम्पो भरून नेला होता. जव्हार तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, पालघर जिल्हा व्हायला २०१४ उजाडायचं होतं. वावर-वांगणीतल्या कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंच्या १९९२-९३ मधल्या बातम्या वाचलेली माझी पिढी जव्हारचं नाव ऐकलं की आधी गोणी शोधायला लागते. आम्हीही शोधल्या. फराळाचे दोनशे पुडे आणि जुन्या कपड्यांची अकरा गाठोडी. त्यात एक शेरवानी होती, बाह्या उसवलेले स्वेटर होते, एकेकटे मोजे होते आणि टाय होते. टाय कोणी दिले, काय विचार करून दिले, देव जाणे. सगळ्याचा शाळेच्या ओट्यावर ढीग घातला. पुढच्या वर्षी गेलो तर त्यातल्या एका निळ्या पट्ट्यांच्या टायने खुंट्याला वासरू बांधलेलं. त्या अकरा गाठोड्यांतली एवढी एकच वस्तू कामाला आली, असं मी अजूनही म्हणते.

फराळाचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. टेबल मांडलं, मुलांची रांग लावली, एका मुलाला एक पुडा असा नियम केला. दोन लाडू, एक करंजी, मूठभर चिवडा. सात-आठ वर्षांचा एक पोरगा दुसऱ्यांदा रांगेत आला. टेबलावर बसलेली माझी विद्यार्थिनी कामाला चोख. तिने सगळ्यांदेखत विचारलं, "तू मघाशी घेतलंस ना रे?" तो काही बोलला नाही. खिशात कोंबलेला पहिला पुडा काढला, टेबलावर ठेवला आणि गेला. तो भावासाठी आला होता, भाऊ शेळ्या घेऊन डोंगरावर होता, हे अंगणवाडीच्या ताईंनी नंतर सांगितलं. आम्ही त्याच्या घरी गेलो, तर तो घरात नव्हता. की होता आणि बाहेर आला नाही, कळलं नाही. परतीच्या एसटीत ती मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिला मी काय सांगणार? नियम माझा होता, यादीवर सही माझी होती.

टेबल तेव्हापासून बंद.

मग दिवाळीतच का जाता, हा तुमचा पुढचा प्रश्न. जायचंच तर जानेवारीत जा, थंडीही छान असते. त्याचं उत्तर आमच्या रस्त्यावरच आहे. भिवंडीवरून वाड्याकडे निघालं की वाटेत वीटभट्ट्या लागतात. आम्ही जातो तेव्हा त्या थंड असतात. पावसाळा संपून जमीन सुकली की त्या पेटतात आणि तिथे विटा थापायला माणसं जातात ती याच पाड्यांवरून. काही घरांनी बयाणा आधीच घेतलेला असतो, कधी पावसाळ्यातल्या उपासमारीत, कधी दवाखान्यासाठी. भात झोडून झालं की पोराबाळांसकट, कोंबड्यांसकट घर उठतं. जानेवारीत गेलात तर निम्म्या दारांना कड्या दिसतील. दिवाळीत उलट. आश्रमशाळेतली मुलं सुट्टीला घरी आलेली असतात आणि आईबाप अजून गेलेले नसतात. गावात सगळं गोकुळ एकत्र असण्याचे वर्षातले हे मोजके दिवस, आणि ते आमच्या दिवाळीच्या सुट्टीत येतात, एवढाच योग.

आम्ही एकादशीला पोचतो, कारण दुसऱ्या दिवशी वाघबारस. आपल्याकडे वसुबारसेला गाय-वासरू पुजतात, तिथे त्याच दिवशी वाघोबा. शेंदूर लावलेला दगड, त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. वर्षभर गुरं राखली म्हणून त्या दिवशी मान गुराख्यांचा, म्हणजे बहुतेक पोरांचाच. आमच्या पाड्यावर पोरं त्यांच्यातल्याच एकाला वाघ करतात आणि आरडाओरडा करत त्याला शिवाराबाहेर हाकलतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी आमच्यातला सगळ्यात उंच मुलगा निवडला. डोंबिवलीचा, जिमला जाणारा. त्याला वाटलं गंमत आहे, जरा पळायचं. पोरांनी त्याला ओढ्यापलीकडे घालवलं, शेताच्या बांधावर दोनदा पाडलं आणि "पुन्हा येशील?" असं विचारून तीनदा "नाही" वदवून घेतलं. चप्पल चिखलात गेली ती गेलीच. पुढच्या वर्षी नाव नोंदवायला पहिला तोच होता.

दुपारी किल्ला. ही आमच्या मुलांची हौस. दिवाळीत किल्ला करायचा ही शहरातल्या चाळींची, वाड्यांची रीत, पाड्यावर ती नव्हती. पहिल्यांदा आमच्या मुलांनी मोबाइलमध्ये रायगडाचा फोटो धरून मोठ्या थाटात शिकवायला सुरुवात केली. बुरूज ढासळायला लागले. दहा मिनिटं पाहून एका पोरीने माती हातात घेतली, चुरगळली आणि टाकून दिली. मग दोघी-तिघी जाऊन बांधावरची चिकण माती घेऊन आल्या, तीत भाताचा भुसा मिसळला, पायाने तुडवली. घरं लिंपणाऱ्यांच्या पोरी त्या. त्यानंतर आमची मुलं फक्त पाणी आणून देत होती.

रायगड की आणखी कुठला, यावरही वाद झाला. आश्रमशाळेतल्या एका मुलाचं म्हणणं, रायगड कशाला, महाराज तर इथेच आले होते. खोटं नाही. १६६४ मध्ये सुरतेला जाताना महाराज जव्हारजवळ शिरपामाळावर थांबले, जव्हारच्या राजाने त्यांचं स्वागत केलं, असं तिथे सगळे सांगतात, तिथे स्मारकही आहे. आमच्या इतिहासाच्या दोन विद्यार्थ्यांना हे ठाऊक नव्हतं. शेवटी तडजोड झाली: डोंगर शिरपामाळ, दरवाजा रायगडाचा, वर महाराज आणि त्यांच्याहून जरा उंचावर वाघोबा. हिरवळीसाठी आम्ही घरून अळीव नेले होते, पोरांनी नागली, म्हणजे आपली नाचणी, पेरली. उगवलेली पाहायला आम्ही कधीच तिथे नसतो. एका वर्षी गुरुजींना फोन केला तेव्हा कळलं, शिरपामाळ दाट हिरवा झाला होता आणि शेळ्यांनी दरवाजासकट खाऊन टाकला.

याने काय होतं, असंही काही जण विचारतात. त्यांचा सूर मला आवडत नाही, पण प्रश्न रास्त आहे. वीटभट्टीला जाणारं घर आमच्या किल्ल्याने थांबत नाही. मागच्या वर्षी किल्ला करणाऱ्यांतली नऊ मुलं नाताळपर्यंत भट्टीवर होती. त्यांतल्या चौघांचा पत्ता आमच्या मुलांनी शोधला, कारण त्यांना नावं माहीत होती, कोणाचा मामा कुठल्या सेठकडे आहे हे माहीत होतं. दोघांना भट्टीजवळच्या शाळेत बसवता आलं. गुरुजींच्या आणि तिथल्या मुख्याध्यापिकांच्या चिकाटीमुळे, आमच्यामुळे नव्हे. आम्ही फक्त फोन लावले. उरलेल्या दोघांच्या घरच्यांनी धाकट्याला कोण सांभाळणार म्हणून नाही म्हटलं. त्यावर आमच्याकडे बोलायला काही नव्हतं. पुडे वाटत होतो त्या वर्षी मात्र आम्हाला एकाही मुलाचं नाव माहीत नव्हतं. पुड्यांचा आकडा पाठ होता.

फोटोंचंही सांगून टाकते, कारण त्यावरून दरवर्षी कुरबुर होते. आमची मुलं तिथे फोटो काढतात, पण लेकरांना मांडीवर घेऊन काढलेले चालत नाहीत. वाघ पळतानाचा चालतो. चिखलातला, पडलेला, दोन्ही चपला असलेला शेवटचा फोटो. तो आमच्या गटात अजून फिरतो.

फराळ आम्ही आजही नेतो, डब्यांतून, सगळ्यांनी मिळून एका पंगतीत खाण्यापुरता. तिकडून उकडलेले करांदे येतात, चवळीच्या शेंगा येतात, नागलीची भाकरी येते. पाड्यावरच्या आज्यांचा एकमताने निकाल असा की शहरातली चकली बरी, लाडू फार गोड.

तर कपडे नकोत. खरंच नकोत, तुमच्या मुलाचा तो एकदाच घातलेला सूटसुद्धा नको. वह्या शाळेत मिळतात. फटाके मुळीच नकोत, शेतात कापलेलं भात पसरलेलं असतं. खेळणी आणलीत तर दोन दिवस पुरतात. फुटबॉल मात्र नको म्हणायला उशीर झाला. गेल्या तीन वर्षांत कोणी ना कोणी एक-एक दिला, तीनही शाळेच्या कपाटावर आहेत आणि तीनही पापडासारखे चपटे. पोरं सध्या चिंध्यांच्या चेंडूने खेळतात.

म्हणून यंदा द्यायचंच असेल, तर हवा भरायचा पंप द्या. हातपंप, विजेवरचा नको. आणि त्याची सुई वेगळी मिळते, ती दोन-तीन जास्तीच्या घ्या, पहिली सुई पहिल्याच दिवशी मोडणार आहे.