पीडीएफ, फासे आणि पकडापकडी: अकरा सेशनची नोंदवही

या कॅम्पेनमध्ये (अनेक बैठकांत चालणारी एक सलग खेळकथा) टेबलावर छापील नियमपुस्तक ठेवायचंच नाही, असं ठरवून सुरुवात केली, त्याला आता अकरा सेशन झाली. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकत कथा रंगवायचा भूमिकांचा खेळ, पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. चार खेळाडू आणि मी डीएम, म्हणजे कथा आणि राक्षस चालवणारी. दर सेशनला वहीत दोनच गोष्टी टिपायच्या: कुठला नियम शोधावा लागला आणि तो सापडेपर्यंत टेबल किती वेळ गप्प बसलं.

नियमांसाठी घेतली एसआरडी ५.१ ची फाइल. एसआरडी म्हणजे खेळाचा सांगाडा, प्रकाशकांनीच फुकट दिलेला. परवान्यावरून झालेल्या गदारोळानंतर जानेवारी २०२३ मध्ये तो क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आला. श्रेय दिलं की वापरा, बदला, भाषांतर करा, कुणी अडवत नाही. पानं ४०३. पण सांगाडा तो सांगाडाच. त्यात बिहोल्डर हा प्रसिद्ध राक्षस नाही, प्रत्येक क्लासचा (फायटर, विझार्ड असा पात्राचा पेशा) उपप्रकार एकेकच, आणि अख्ख्या फाइलमध्ये फीट (पात्राची खास हातोटी) फक्त एक: ग्रॅपलर, म्हणजे पकडणारा. आम्ही चौथ्या लेव्हलपासून सुरू केलं होतं, त्यामुळे आमच्या फायटरने ती एकुलती एक फीट उचलली आणि तिथून पुढे दिसेल त्याला कवटाळत सुटला. ही नोंद बरीचशी त्याच्याच मिठ्यांमुळे लिहावी लागतेय.

सेशन १ ते ३

सुरुवातीला वाटलं होतं, पीडीएफ आहे, शब्द टाकला की नियम हजर. फायटरने एका गॉब्लिनला धरलं आणि मी ‘ग्रॅपल’ शोधलं. आधी आली फीट. मग लढाईच्या प्रकरणातला खरा नियम, पण तोवर मी घाईघाईने पुढे सरकले होते. मग राक्षसांची रांग लागली: ऑक्टोपस, साप, रोपर, जो जो पकडतो तो प्रत्येक जण. आणि पकडल्यावर नेमकं काय होतं, हे सांगणारं अवस्थांचं परिशिष्ट राक्षसांच्या मुख्य यादीच्याही मागे. एका मिठीसाठी फाइलमधल्या दोन टोकांच्या जागा. छापील पुस्तकात निदान दोन बोटं दोन पानांत अडकवून ठेवता येतात. टॅब्लेटवर बोट अडकवायला जागा नाही.

वहीत त्या दिवशी ‘चार मिनिटं’ असं लिहिलंय. तेवढ्यात एक जण चहा ठेवून आला.

फोनवर वाचायचा प्रयत्न एकदाच केला. दोन रकान्यांचं मोठं पान फोनवर बसत नाही. एका रकान्यावर झूम करायचं, खाली सरकायचं, परत वर, मग उजवीकडे. ई-इंक रीडरवर के२पीडीएफऑप्ट हे टूल वापरून रकाने सुटे केले. मजकूर छान वाहता झाला, पण तक्त्यांची पार खिचडी झाली. निवांत वाचायला ठीक, टेबलावर निरुपयोगी. शेवटी दहा इंची टॅब्लेट, पान पूर्ण दिसेल असं. यात नवीन काही नाही, सगळे इथेच येऊन थांबतात.

मध्येच एक: शब्द समोर दिसतोय आणि शोध म्हणतो नाही

हे एसआरडीबद्दल नाही, एका जुन्या साहसकथेच्या पीडीएफबद्दल आहे, पण एक आख्खी संध्याकाळ यात गेली म्हणून लिहिते. मला आगीच्या सापळ्याचा परिच्छेद हवा होता. ‘फायर’ शोधलं, शून्य निकाल. पान उलटलं तर शब्द डोळ्यांसमोर. कारण कळल्यावर हसू आलं. छपाईत लहान एफ आणि आय शेजारी आले की अनेक टंकांत त्यांचं मिळून एकच चिन्ह होतं. म्हणजे इंग्रजीतलं जोडाक्षरच म्हणा. फाइल बनवताना त्या चिन्हामागची मूळ अक्षरं नीट नोंदवली नाहीत, तर शोधणाऱ्याला तिथे भलतंच काहीतरी दिसतं. एफ-एल या जोडीचंही तेच. तात्पुरता उपाय असा की पहिली दोन अक्षरं सोडून उरलेला शब्द शोधायचा. कायमचा उपाय म्हणजे ओसीआरमायपीडीएफ हे टूल ‘फोर्स’ लावून चालवायचं, की ते पानांची चित्रं करून मजकूर नव्याने ओळखतं. फाइल फुगते, पण शोध चालतो. मूळ फाइल मात्र जपून ठेवा, कारण नव्यातले नकाशे तितके रेखीव राहत नाहीत.

ओळीच्या शेवटी तुटलेले शब्दही असेच निसटतात. मिळत नाही म्हणजे नाहीच, असं समजू नका.

सेशन ४ ते ६: बुकमार्क, मराठीत

चौथ्या सेशननंतर वही चाळली आणि लक्षात आलं की शोधलेले नियम फार थोडे आहेत, पण तेच तेच पुन्हा येतायत. शिवाय खेळाडू प्रश्न विचारतात ते प्रकरणाच्या नावाने विचारत नाहीत. ‘पडलो तर किती लागेल?’, ‘शून्यावर आलो, आता?’, ‘अंधारात मारता येतं का?’ पुस्तक मात्र आपल्याच क्रमाने मांडलेलं. मग पुस्तकाची अनुक्रमणिका बाजूला ठेवून आमच्या प्रश्नांची अनुक्रमणिका करायचं ठरवलं.

साधन पीडीएफटीके. फाइलमधली माहिती एका साध्या मजकूर-फाइलीत काढून घ्यायची, तिच्यात प्रत्येक बुकमार्कसाठी तीन गोष्टी लिहायच्या (नाव, पातळी, पान क्रमांक) आणि ती परत पीडीएफमध्ये घालायची. पहिल्या खेपेला सगळी मराठी नावं गचाळ चिन्हं होऊन आली. नेहमीच्या ‘अपडेट इन्फो’ या आदेशाऐवजी त्याचा यूटीएफ-८ वाला प्रकार वापरावा लागतो, तो वापरल्यावर देवनागरी नीट उमटली. ज्यांना हे करायचंय त्यांनी माझा एक तास वाचवून घ्या.

दुसरी खोच पान क्रमांकाची. बुकमार्कला लागतो तो फाइलमधला क्रमांक, पानाच्या तळाशी छापलेला नाही. मुखपृष्ठ आणि श्रेयाची पानं धरून बऱ्याच पुस्तकांत दोन-चार पानांचा फरक पडतो. एका पुस्तकात मी चाळीस बुकमार्क दोन पानं अलीकडे लावले होते. काही बोलत नाही त्याबद्दल.

आता डाव्या पट्टीत असं दिसतं: धरलं तर, उंचावरून पडलं तर, शून्यावर आलं तर, लपून मारलं तर, झोप मोडली तर. एकूण सव्वीस. ‘धरलं तर’खाली दोन पोटनोंदी, एक लढाईच्या प्रकरणात नेणारी, दुसरी परिशिष्टात. ते दोन बोटांचं काम यांनी केलं. चार मिनिटांवरून आम्ही दहा-पंधरा सेकंदांवर आलो, तेही मी चष्मा शोधत नसेन तर.

सेशन ७: दोन फाइली, दोन सत्यं

या सेशनला भांडण झालं. फायटरने एका पहारेकऱ्याला धरलं. मी म्हटलं, दोघंही फासा टाका, तुझं अॅथलेटिक्स विरुद्ध त्याचं अॅथलेटिक्स किंवा अॅक्रोबॅटिक्स. आमची विझार्ड म्हणाली, छे, पहारेकऱ्याने फक्त सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा, टाकायचा. तिच्या टॅबवर तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. माझ्या टॅबवर माझं. पाच मिनिटांनी उलगडलं की तिच्याकडे एसआरडी ५.२ होती, म्हणजे २०२४ च्या नियमांवरची, एप्रिल २०२५ मध्ये आलेली. नव्या नियमांत पकड म्हणजे समोरच्याचा स्ट्रेंथ (ताकद) किंवा डेक्स्टेरिटीचा (चपळाई) सेव्ह, तोही ८ अधिक स्ट्रेंथ मॉडिफायर अधिक प्रोफिशियन्सी बोनस एवढ्या आकड्याविरुद्ध. दोघीही बरोबर, फक्त खेळ वेगवेगळे.

तेव्हापासून प्रत्येक फाइलच्या नावाची सुरुवात आवृत्तीच्या वर्षाने करतो, आणि टेबलावर नियमांचा पडदा एकच. त्याचा ताबा एका खेळाडूकडे, दर सेशनला पाळी बदलते. पदाचं नाव ‘कारकून’. मी कथा पुढे नेते, कारकून शोधतो. मिनिटभरात सापडलं नाही तर मी सुचेल तो निर्णय देते आणि नियम वहीत जातो. याचा एक फायदा अपेक्षितच नव्हता: बाकी तिघांचे फोन आपोआप खिशात गेले. नियम बघतोय म्हणत निरोप वाचणं बंद झालं.

आवृत्तीवरून आठवलं. फाइल आपल्या डिस्कवर असावी असं मी म्हणते ते काही जणांना जुनाट वाटतं. पण एप्रिल २००९ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने (या खेळाचे प्रकाशक) चाचेगिरीचं कारण देऊन आपल्या पीडीएफची विक्री एका झटक्यात थांबवली होती, आणि ती पुन्हा सुरू झाली थेट २०१३ मध्ये. ऑगस्ट २०२४ मध्ये डी अँड डी बियाँड या खेळाच्या अधिकृत संकेतस्थळावर जुने मंत्र नव्या आवृत्तीने बदलायचा बेत जाहीर झाला. खेळाडूंनी बोंब मारल्यावर तो मागे घेतला, पण चालू कॅम्पेनच्या मधोमध आपला मंत्र बदलू शकतो हे कळायचं ते कळलं. संकेतस्थळावरच्या नियमांशी माझं वैर नाही. पाथफाइंडर या दुसऱ्या खेळासाठी आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस हे नियमांचं संकेतस्थळ उघडलं की पुस्तकाची आठवणही येत नाही, प्रत्येक अवस्थेच्या नावावर दुवा असतो. तयारी करताना तेच वापरावं. टेबलावर मात्र नेट गेलं तर खेळ थांबू नये, इतकंच.

सेशन ८ ते १०: अवस्थांचा कागद

इथे मी माझाच नियम थोडा मोडला. अवस्थांचं परिशिष्ट मराठीत करून एका कागदावर छापलं. परवाना भाषांतराला मोकळीक देतो, तळाशी श्रेयाची ओळ टाकली की झालं. (विकत घेतलेल्या, खरेदीदाराचं नाव छापलेल्या पीडीएफच्या बाबतीत असलं काही करायचं नाही, हे सांगायला नकोच.)

पंधरा अवस्था, आणि शब्द शोधताना खरी मजा आली. ‘प्रोन’ला पालथा म्हणावं की उताणा? नियमाला त्याचं काही देणंघेणं नाही, म्हणून ‘आडवा’. ‘स्टन्ड’ला सुन्न. सगळ्यात मोठा गोंधळ होता ग्रॅपल्ड आणि रिस्ट्रेन्डचा. आमचे खेळाडू सात सेशन या दोन्ही एकच समजत होते. मी लिहिलं ‘धरलेला’ आणि ‘जखडलेला’. धरलेल्याचा वेग शून्य, बाकी काही नाही, हात मोकळे, तलवार चालते. जखडलेल्याचा वेग शून्यच, वर त्याच्यावर हल्ला करणाऱ्याला अॅडव्हान्टेज (फाशात झुकतं माप), त्याच्या स्वतःच्या हल्ल्यांना आणि डेक्स्टेरिटी सेव्हला डिसअॅडव्हान्टेज. हे मी इंग्रजीतून चारदा समजावलं होतं. मराठीतून एकदाही समजावावं लागलं नाही.

‘इनकपॅसिटेटेड’ अजून अडलंय. सध्या ‘हतबल’ लिहिलंय, पण ते निराश वाटतं. कुणाला चांगला शब्द सुचला तर कळवा.

सेशन ११

बुडालेल्या मंदिरात जायंट ऑक्टोपस. मी मुद्दामच आणला होता. त्याच्या सोंडेने फायटरला विळखा घातला आणि मी काही बोलायच्या आत आमच्या रोगने (चोराचं पात्र) विचारलं, ‘धरलेला की जखडलेला?’ कारकुनाने पडद्याकडे न बघता सांगितलं, ‘दोन्ही.’ बरोबर होतं. फायटरने मग उलट ऑक्टोपसलाच धरलं. तो लार्ज, म्हणजे आपल्यापेक्षा एकच आकार मोठा, तेव्हा तेही नियमात बसतं. कुणी काही शोधलं नाही. मी वहीत मोठ्या रुबाबात शून्य लिहायला घेतलं.

तेवढ्यात विझार्ड म्हणाली, ‘पण फायटर श्वास किती वेळ रोखू शकतो?’

सव्वीस बुकमार्कांत हे नव्हतं. कारकुनाने बुडण्याबद्दल शोधलं, भलत्याच जागा आल्या. नियम आहे, पण तो गुदमरण्याच्या नावाखाली: १ अधिक कॉन्स्टिट्यूशन (दम) मॉडिफायर इतकी मिनिटं, कमीत कमी अर्धं मिनिट. फायटरकडे चार मिनिटं होती. म्हणजे सहा-सहा सेकंदांचे चाळीस राउंड, त्याला घाई करायचं काहीच कारण नव्हतं. आम्हाला शोधायला दीड मिनिट लागलं.

घरी आल्यावर फाइलमध्ये सत्ताविसावी ओळ घातली: पाण्याखाली गेलं तर.