एक डबडं आणि अख्खा रविवार

सकाळी तर्री पोहे खाऊन म्हटलं, गाडीचं ऑइल आज घरीच बदलू. अर्ध्या तासाचं काम! ऑइल निघालं दहा मिनिटांत. ते गाळणारा फिल्टर, म्हणजे इंजिनला फिरवून बसवलेलं पत्र्याचं डबडं, मात्र हलायला तयार नाही.

आधी हातानं पाहिलं, मग सॅण्डपेपर गुंडाळून. शेजारचे काकाजी गेटवरूनच म्हणाले, "पेचकस ठोक ना बे आरपार, अन् फिरव." ऐकलं. पत्रा टराटरा फाटला, फिल्टर जागच्या जागी, अन् काळं ऑइल कोपरापर्यंत.

मग स्कूटरनं इतवारीच्या बाजारात. माझ्याकडचा पट्ट्याचा पाना तेलकट डब्यावर नुसता घसरत होता. दुकानदारानं आधी विचारलं, "भाऊ, बाजूनं हात जातो का?" नाही जात. मग वाटीसारखा पाना? तो फिल्टरच्या मापाचा अन् तितक्याच पैलूंचा लागतो, आणि माझ्या फिल्टरचे पैलू तर मीच चेपवले होते. शेवटी तीन पायांचा घेतला. रॅचेट, म्हणजे फिरवायचा दांडा, लावून जितका फिरवावा तितके त्याचे पाय आवळत जातात. फाटलेल्या पत्र्याच्या वर, इंजिनजवळ पकडला. कट्ट. सुटला!

जुनी रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती, बरं झालं बोट फिरवून पाहिलं. तिच्यावरच नवा फिल्टर बसवला असता तर सगळं ऑइल रस्त्यावर. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावलं, रिंग टेकल्यावर हातानंच पाऊण फेरा. मागच्या वेळी गॅरेजवाल्यानं बहुतेक पान्यानंच आवळला असावा.

काकाजी संध्याकाळी विचारत होते, "निघाला ना पेचकसानं?"