पहिल्या पानावरची सही

काल रात्रीच्या नाइट ड्युटीनंतर आज सुटी होती. झोपायचे सोडून मी अकरावी-बारावीची जीवशास्त्राची पुस्तके पिशवीत भरून अप्पा बळवंत चौकात विकायला गेले, कारण कपाटाचा तो कप्पा आईला दिवाळीपूर्वी रिकामा हवा आहे. दुकानदाराने पाने चाळली आणि पेन्सिलीच्या खुणा चालतात, पेनाच्या चालत नाहीत, असे सांगून भाव निम्म्यावर आणला. तिथवर सगळे ठीक होते. पण शेजारी आईबरोबर उभ्या असलेल्या एका मुलीने त्यातली दोन पुस्तके तिथल्या तिथे उचलली आणि मी आता रुग्णालयात इंटर्न, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, आहे हे कळताच पहिले पान माझ्यापुढे धरून म्हणाली, "ताई, यावर काहीतरी लिहून द्या ना." मी 'शुभेच्छा' एवढे लिहिले आणि पुढे माझा हात थांबला.

तो का थांबला, ते दुपारपासून मला उमगत नाही.

याच पुस्तकांवर मी 2020 च्या सप्टेंबरात, तोंडाला मास्क लावून, 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा दिली होती. 720 पैकी 360 गुण एकट्या जीवशास्त्राचे, बरोबर उत्तराला चार आणि चुकलेल्याला वजा एक. त्या वजा एकची भीती अजूनही कधीकधी स्वप्नात येते. डॉक्टर व्हायचे ठरले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि रुग्णालय आतून पाहिले होते ते आजीला डबा पोचवण्यापुरतेच. खरे तर 'ठरले' हा शब्दच मला आज खटकतो आहे. दहावीला गुण चांगले पडले, जीवशास्त्राचा बी ग्रुप घेतला, क्लासची फी भरली गेली, आणि एवढे झाल्यावर वेगळे काही ठरवायला जागाच उरली नाही.

तेव्हा मूत्रपिंडातल्या हेन्लेच्या वलयात कोणता क्षार कुठे शोषला जातो हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येत असे. काल रात्री मी रक्त काढले, नमुने लॅबपर्यंत पोचवले, एका रिपोर्टसाठी तीन मजले चारदा चढले, ट्रॉली ढकलणारा मामा सापडेना म्हणून ती स्वतः ढकलली, आणि पहाटे तीनला एका बाईंना त्यांचे यजमान गेल्याचे रेसिडेंट (आमचे वरिष्ठ डॉक्टर) सांगत असताना नुसती बाजूला उभी राहिले. त्या बाईंनी मलाच विचारले, की आता चप्पल कुठे ठेवायची, त्यांची. त्याविषयी आज लिहवत नाही.

साडेचार वर्षे अभ्यासाची, एक इंटर्नशिपचे, एक बाँडचे, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचे (नाहीतर दहा लाख रुपये भरायचे), मग पुन्हा 200 प्रश्नांची प्रवेशपरीक्षा आणि त्यापुढे पीजीची, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाची, तीन वर्षे. माझ्याबरोबर दहावीला असलेल्या मुली हिंजवडीच्या ट्रॅफिकला शिव्या देतात, आणि मला त्या शिव्यांचाही हेवा वाटतो. बाबांच्या कर्जाच्या हप्त्यांचे गणित मी मांडत नाही. ते मांडले की हा विचार करण्याचासुद्धा हक्क आपल्याला नाही असे वाटू लागते.

आणि तरीही मला पश्चात्ताप होतो आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. मागच्या आठवड्यात वॉर्डातल्या एका आजोबांची शीर कोणालाच सापडत नव्हती, ती मला पहिल्याच टोचणीत मिळाली. "पोरीचा हात हलका आहे," एवढेच ते म्हणाले आणि कुशीवर वळले. ते वाक्य मी कोणालाही सांगितलेले नाही, पण आठ दिवस जपून ठेवले आहे आणि त्यामुळे पश्चात्तापसुद्धा धड करता येत नाही. त्या मुलीला 'ये' लिहिले असते तर ते खोटे ठरले असते, 'येऊ नकोस' लिहिले असते तरी तितकेच खोटे. हात थांबला तो बहुधा यामुळेच. की फक्त झोप झाली नव्हती म्हणून, कोण जाणे.

आत्याला हे सांगितले असते तर तिने नेहमीप्रमाणे आनंदीबाई जोशींचा दाखला दिला असता, की 1886 साली एवढ्या अडचणींतून त्या डॉक्टर झाल्या आणि तुम्हाला आयते मिळून कुरकुर. त्या परत आल्या आणि 1887 च्या फेब्रुवारीत याच पुण्यात, दवाखाना सुरू करण्याआधीच, अवघ्या एकविसाव्या वर्षी गेल्या, हा भाग आत्या गाळते. मीही तिला आठवण करून देत नाही. सणासुदीला वाद नको.

शेवटी मी नुसते नाव आणि तारीख लिहिली. मुलीने ते वाचले, तिचे समाधान झाले नाही, आणि माझ्या हातातले पेन घेऊन तिने माझ्या नावाआधी स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात 'डॉ.' असे जोडले. मग दोघी मायलेकी गर्दीत शिरल्या आणि पेनही त्यांच्याबरोबर गेले. उद्या सकाळी आठला पोस्टिंगवर हजर व्हायचे आहे, आणि आमच्या वॉर्डात एक वेळ रक्ताची पिशवी मिळेल पण उसने पेन मिळत नाही.