दोन्हीकडून मार

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

‘फ्रॉम झीरो’ येऊन आठवडा उलटला. अमेरिकन रॉक बँड लिंकिन पार्कच्या या अल्बमवर जे जे हाताला लागलं ते वाचून काढलं, आणि आज सकाळपासून चिडचिड होतेय. रिव्ह्यू वाईट आहेत म्हणून नव्हे. कुणी भरभरून कौतुक केलंय, कुणी हात राखून केलंय, कुणी दोन-चार गाणी सोडून बाकीची निकालात काढलीत. मतं वेगवेगळी असायचीच. मला सलतोय तो एकच आक्षेप, थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा भेटणारा: बँडने नवं काही केलंच नाही, जुनंच दळण दळलंय.

मे २०१७ मध्ये ‘वन मोअर लाइट’ आला तेव्हा याच बँडला धारेवर धरलं होतं ते जुनं सगळं टाकून दिलं म्हणून. गिटार कुठे गेल्या, गायक चेस्टर किंचाळत का नाही, हे तर सरळसरळ पॉप झालं. अल्बम अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला, तरी समीक्षकांनी आणि कितीतरी जुन्या चाहत्यांनी त्याला झोडपलंच. दोन महिन्यांनी, २० जुलैला, चेस्टर बेनिंग्टन गेला. मग तोच अल्बम लोकांनी पुन्हा लावला आणि त्यांना त्यात वेदना ऐकू यायला लागली.

त्यातलं शीर्षकगीत लिहिलं गेलं होतं बँडच्या रेकॉर्ड कंपनीतल्या एका मैत्रिणीच्या मृत्यूनंतर. तिला कॅन्सर होता. अल्बम यायच्या आदल्याच दिवशी रॉक गायक क्रिस कॉर्नेल गेला, चेस्टरचा जिवलग मित्र, आणि जिमी किमेलच्या टीव्ही कार्यक्रमात बँडने हे गाणं त्याच्या आठवणीत गायलं. त्यानंतर ते चेस्टरसाठी गायलं जाऊ लागलं. तीन माणसं, तीन निरोप, गाणं तेच. ड्रम्स जवळपास नाहीतच, गिटार अगदी हलकी, आणि चेस्टरचा आवाज इतका जवळ की श्वास घेतलेला कळतो. जुलैमध्ये यातला एक सूरही बदलला नव्हता. ते मे महिन्यातही इतकंच सुंदर होतं, आणि तेव्हा त्याला ‘गुळगुळीत’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

या बँडच्या नशिबी हे पहिल्यापासून आहे. २००० सालच्या पहिल्या अल्बमने, ‘हायब्रिड थिअरी’ने, सगळं मिळवून दिलं आणि मग तीच फूटपट्टी झाली. २००३ मध्ये ‘मिटिओरा’ आला, तर म्हणे हा पहिल्याचाच दुसरा भाग. २०१० मध्ये ‘अ थाउजंड सन्स’मध्ये त्यांनी सगळा साचाच मोडला. मध्येच अणुबॉम्बवाल्या शास्त्रज्ञाचा, ओपेनहायमरचा आवाज, गीतेतलं वचन सांगणारा. गाणी एकमेकांत विरघळत जाणारी, गिटार बऱ्याच ठिकाणी मागे. तर चाहतेच दोन तट करून भांडले. आज त्याच अल्बमला धाडसी म्हणून गौरवतात, आणि ते म्हणणारे काही जण तेव्हा तावातावाने विरोधात होते.

आता ‘फ्रॉम झीरो’ काय आहे ते लिहून ठेवते, कारण जे वाचलं त्यात अल्बमपेक्षा बँडचा इतिहासच जास्त होता.

‘द एम्प्टिनेस मशीन’मध्ये पहिलं कडवं आणि कोरस बँडचा जुना रॅपर-गायक माइक शिनोडा गातो. पूर्ण. ऐकणारा वाट बघत राहतो. दुसऱ्या कडव्यात नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँग येते, तीही आरडाओरड न करता, जरा खरखरीत, खालच्या पट्टीत, आणि मग कोरसला आवाज फाडते. सात वर्षं रिकाम्या राहिलेल्या जागेवर कुणाला उभं करायचं तर ते असं. आधी जुन्या माणसाने दार उघडायचं, मग नवीन माणसाने आत यायचं. ‘हेवी इज द क्राउन’मधली तिची लांबलचक किंकाळी ऐकून सगळ्यांना चेस्टरची ‘गिव्हन अप’मधली आठवली, तशी ती आठवणारच. पण तिच्या आवाजात चेस्टरचा काचेसारखा धारदार स्वर नाही, रॉक अँड रोलचा खडबडीतपणा आहे. ती नक्कल करत नाहीये. हे ऐकायला फार कष्ट पडत नाहीत.

‘टू फेस्ड’ मात्र खरोखरच २००० सालचं वाटतं, बँडचा डीजे जो हान तबकडी मागे-पुढे घासतो त्या स्क्रॅचिंगसकट. या गाण्यापुरता मी तो आक्षेप मान्य करते. पण ‘ओव्हरफ्लो’? ते संथ, पोकळीत घुमणारं गाणं ‘हायब्रिड थिअरी’त कुठे बसलं असतं? ‘कॅज्युअल्टी’त माइक घसा फोडून ओरडतोय, पंकच्या वेगाने. शांत, नेमका रॅप करणारा माइक असा याआधी फारसा ऐकलेला नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे आणि ती मला कुठे ठळकपणे मांडलेली दिसली नाही. पहिली काही सेकंदांची सुरुवात धरून अकरा ट्रॅक, आणि सगळं मिळून जेमतेम बत्तीस मिनिटं. छोटं असणं वाईट नाही, ‘हायब्रिड थिअरी’ही छोटाच होता. पण इथे बरीचशी गाणी तिसऱ्या मिनिटाच्या आसपास ठरल्यासारखी संपतात: कडवं, कोरस, कडवं, कोरस, मध्ये तोडफोड, पुन्हा कोरस. ‘स्टेन्ड’मध्ये एमिलीला आणखी एक मिनिट मिळालं असतं तर गाणं कुठेतरी पोचलं असतं. ‘ओव्हर ईच अदर’मध्ये ती जवळपास एकटी गाते, तिथे तिचा मऊ आवाज पहिल्यांदा नीट सापडतो, आणि सापडेपर्यंत गाणं आवरतं घेतलेलं असतं. ही घाई मला भीतीसारखी वाटते. नव्या गायिकेवरून इतकं वादंग झाल्यावर पाय जपून टाकावासा वाटला असेल तर समजू शकते, पण तिच्या आवाजाला अशा जपणुकीची गरज नाही.

पाच तारे आणि दोन तारे, दोन्ही देणाऱ्यांनी तिच्याबद्दल एखाद-दुसरा परिच्छेदच लिहिलाय. बाकी जागा चेस्टरला. चेस्टर मलाही हवाच आहे, रोज. पण पुढच्या अल्बमला ही बाई समोर उभी असेल, आणि तेव्हा ‘ओव्हरफ्लो’च्या वाटेने जाणारी, लांब, न घाबरणारी गाणी तिच्या गळ्यातून यावीत असं मला मनापासून वाटतं. त्यावरही कुणी म्हणेलच की हे लिंकिन पार्क राहिलं नाही. म्हणू देत.