तुम्ही विचारलंत म्हणून: नक्षलवाद्यांशी लढतो तरी कोण?

गडचिरोलीत बातमीदारी केली म्हटलं की पुण्या-मुंबईकडची मंडळी हमखास विचारतात, ‘नक्षलवाद्यांशी लढणारे पोलीसही आदिवासीच असतात म्हणे. मग बातम्यांत ते कसं दिसत नाही?’

असतात, आणि आजचे नाहीत. गडचिरोली पोलिसांचं नक्षलविरोधी सी-60 पथक 1990 मध्ये उभं राहिलं ते स्थानिक पोरं घेऊन. सुरुवातीच्या 60 जवानांवरूनच नाव पडलं. बाहेरून बदलून आलेल्या पोलिसाला जंगलात वाट कळत नव्हती आणि गावात बोली. ही पोरं गोंडी, माडिया बोलणारी, नाले-टेकड्या पायाखालच्या. पथकातली प्रत्येक पार्टी तिच्या कमांडरच्या नावानं ओळखली जाते. आणि समोर दलममध्ये, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत, बंदूक घेऊन असलेलाही बरेचदा गोंड नाहीतर माडियाच. आडनावं दोन्हीकडे तीच. मर्दिनटोल्याच्या जंगलात 13 नोव्हेंबर 2021 ला चकमक झाली, त्या दिवशी नक्षलवाद्यांचे 26 मृतदेह सापडले. मथळ्यात नाव आलं एकट्या मिलिंद तेलतुंबडेचं, त्यांच्या बड्या नेत्याचं. बाकीचे आकड्यात गेले.

हे असं का होतं, तर बातमी कुठून येते ते बघा. चकमक झाली की आधी पोलिसांची प्रेस नोट. तिचा मसुदा आम्हाला तोंडपाठ: नक्षलवाद्यांनी अंदाधुंद गोळीबार केला, जवानांनी स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तर दिलं, घनदाट जंगलाचा फायदा घेऊन नक्षलवादी पसार झाले. खाली जप्तीची यादी, ठासणीच्या भरमार बंदुका, पिट्टू (पाठीवरच्या पिशव्या), औषधं. मग कधीतरी दुसऱ्या बाजूचं पत्रक येतं, तेही तितकंच ठरीव. ज्या गावाच्या शिवारात हे घडलं ते भामरागडच्याही पुढे, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की पुलावरून पाणी जायचं. डेस्कला मात्र बातमी संध्याकाळीच हवी. जांभुळखेड्याच्या स्फोटात 1 मे 2019 ला 15 पोलीस गेले आणि त्यांना नेणारा खासगी गाडीचा चालकही गेला. मथळे 15 वरच थांबले होते. चालक खाली, बातमीच्या पोटात.

इंद्रावती नदीपलीकडे, छत्तीसगडच्या बस्तरात, प्रकार वेगळाच झाला. सी-60 चे जवान म्हणजे रीतसर भरती झालेले पोलीस. तिथे 2005 मध्ये सलवा जुडूम सुरू झालं, म्हणजे गावकऱ्यांनाच नक्षलवाद्यांविरुद्ध उभं करायची मोहीम. काँग्रेसचे महेंद्र कर्मा पुढे, भाजपचं सरकार पाठीशी. गावं उठवून लोकांना छावण्यांत आणलं आणि शिकायच्या वयातल्या पोरांना विशेष पोलीस अधिकारी करून महिना 1500 रुपयांवर हाती बंदूक दिली. काही वाहिन्यांनी त्याला आदिवासींचा उठाव म्हटलं. उठाव म्हणावं असं काही नसेलच असं मी म्हणणार नाही. नक्षलवाद्यांच्या जाचाला कंटाळलेले लोक त्यात होते. पण जाळलेली गावं आणि आंध्रात पळालेली कुटुंबं त्या कॅमेऱ्यांत फारशी आली नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं 5 जुलै 2011 ला अशा पोरांच्या हाती बंदुका देणं घटनाबाह्य ठरवलं. राज्यानं लगेच नवा कायदा करून त्यातल्या बऱ्याच जणांना सहायक दलात घेतलं. कर्मांना नक्षलवाद्यांनी 2013 मध्ये झीरम घाटीत मारलं.

आणि जे स्थानिक पत्रकार गावापर्यंत जात होते त्यांचं काय झालं? बिजापूर जिल्ह्यातल्या बासागुड्याचे साई रेड्डी. 2008 मध्ये पोलिसांनी त्यांना नक्षलवाद्यांचा माणूस म्हणून छत्तीसगडच्या जनसुरक्षा कायद्याखाली आत टाकलं. डिसेंबर 2013 मध्ये नक्षलवाद्यांनी पोलिसांचा माणूस म्हणून त्यांचा खून केला. दिल्लीहून आलेला दोन दिवसांत परत जातो, त्याच्यावर ही वेळ येत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा उरलेला भाग. बातमीत आदिवासी दिसत नाही, त्यात आमचाही हात असतो, आणि तो मुद्दाम. गावानं नक्षल गावबंदीचा, म्हणजे नक्षलवाद्यांना गावात थारा न देण्याचा, ठराव केला की सत्कार होतो, साहेबांच्या हस्ते निधी जाहीर होतो, फोटोग्राफर पुढे सरसावतात. ठराव कुणी मांडला, पोलिसांना बंदूक कुणी आणून दिली, हे नाव छापून आलं की नक्षलवाद्यांना त्याला पोलिसांचा ‘खबरी’ ठरवायला दुसरा पुरावा लागत नाही. म्हणून मी गावाचं नाव देत असे, माणसाचं नाही. कितीतरी जवानांना स्वतःच्या गावी सणालाही उघडपणे जाता येत नव्हतं. त्यांची गावंसुद्धा मी लिहिली नाहीत. संपादकांनी ‘ह्यूमन स्टोरी आणा’ म्हणून किती वेळा फोन केले, तरी नाही.