खर्चच ना?

आज म्हापशात पंपावर हवा भरताना शेजारी एकजण दुसऱ्याला सांगत होता, "पात्रांव, इलेक्ट्रिक घे. मग खर्चच ना!"

कोकणीत "खर्चच ना" म्हणजे खर्चच नाही. ते दिवसभर कानात राहिलं.

हिशेब तसा सोपा आहे. पेट्रोल ९६ रुपये आणि अ‍ॅव्हरेज १५ धरलं, तर किलोमीटरला ६ रुपये ४० पैसे. घरी चार्ज केलं, युनिट ६ रुपये आणि त्यात ६ किलोमीटर धरले, तर १ रुपया. वर्षाला १०,००० किलोमीटर धावणाऱ्याचे ५४,००० वाचतात. गाडी ४ लाखांनी महाग असेल तर साडेसात वर्षांत फिटली. पण ५,०००च धावली तर पंधरा! आणि फ्लॅटमध्ये पार्किंगला चार्जिंग पॉइंट नाही, सगळं बाहेरच्या २० रुपये युनिटवर, तर बचत निम्म्याच्या आसपास येते.

घरी पॉइंट घेणार असाल तर आधी अर्थिंग (गळती वीज जमिनीत नेणारी जोडणी) तपासा. आपल्या जांभ्या खडकात ते उन्हाळ्यात कोरडं पडतं, रेझिस्टन्स वाढतो, मग चार्जर लाल दिवा दाखवून बसतो आणि दोष गाडीला. १६ अँपियरचा स्वतंत्र पॉइंट, स्वतंत्र वायर. एक्स्टेंशन बोर्ड नकोच.

ऑइल, प्लग, क्लच सुटले, खरं आहे. टायर मात्र वजनामुळे लवकर झिजतात. ब्रेक कमी लागतो म्हणून समुद्राकाठी डिस्क गंजते, अधूनमधून जोरात ब्रेक मारलेला बरा. बॅटरीची वॉरंटी बहुधा ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, म्हणजे जुनी घेताना आधी तारीख बघायची.

तुमची गाडी वर्षाला धावते किती?