तुम्ही विचारलंत म्हणून: पापलेट एवढं महाग, मग डिझेल का परवडत नाही?

पालघरजवळच्या सातपाटीचा, मच्छीमाराच्या घरचा आहे म्हटलं की दोन मिनिटांत हा प्रश्न येतोच. ऑफिसात, लग्नात, विरार लोकलमध्ये. आता एकदाच लिहून टाकतो.

तुम्ही बाजारात देता तो भाव आमच्या हातात येत नाही. बंदरावर व्यापारी बोलेल तो आमचा भाव, आणि डिझेल, बर्फ, रेशन, खलाशांचा ॲडव्हान्स हे सगळं जाळं पाण्यात पडायच्या आधीच गेलेलं असतं, मासळी मिळो न मिळो.

डिझेलवर सरकारचा परतावा मिळतो ना, असं लगेच कुणीतरी म्हणतं. मिळतो, व्हॅटचा, पण आधी पूर्ण पैसे मोजायचे आणि तो येतो मागाहून. आणि मार्च 2022 आठवा. आमच्या मच्छीमार संस्था घाऊक ग्राहक धरल्या गेल्या, तेव्हा मुंबईत घाऊक डिझेल लिटरला 122 च्या वर आणि रस्त्यावरच्या पंपावर 94. संस्थेने आमच्यासाठी काढलेला पंपच आम्हाला 28 रुपयांनी महाग!

त्या महिन्यात मी बाबांबरोबर फेरीला गेलो होतो. डिझेल रस्त्यावरच्या पंपावरून टेम्पोने पिंपं भरून आणलेलं, तेही नेहमीपेक्षा कमी कारण पैसेच तेवढे होते. चौथ्या रात्री वायरलेसवर आवाज आला, अजून पाच तास बाहेर या, पापलेट लागलंय. बाबांनी टाकीत काठी सोडली, वर काढून टॉर्च मारला, ओली खूण बघितली. काठी फडक्याने पुसली आणि परत सोडली. मी म्हटलं बाबा जाऊया, येताना कुणीतरी देईल डिझेल. ते म्हणाले, "आणि नाय दिलं तर? सहा माणसं आहेत बोटीवर."

बोट फिरवली. दोन दिवसांनी बाकीच्या बोटी भरून आल्या, बाबा त्यांची मासळी उतरवायला हात लावत होते आणि मी घरी आल्यावर त्यांना घाबरट म्हटलं. आईसमोर. ते काहीच बोलले नाहीत.

आता खरं सांगायचं तर मोठं इंजिन मीच घ्यायला लावलं होतं, लोन काढून. बाबा नको म्हणत होते, ते जास्त डिझेल पिणार हे त्यांना माहीत होतं. पण किनाऱ्याजवळ मासळी उरली होती कुठे? लांब जायचं तर ताकद हवी, हे माझं तेव्हाचं म्हणणं मला आजही चूक वाटत नाही, आणि हप्ता भरताना बरोबरही वाटत नाही.

मग बोट विका, हा तुमचा पुढचा प्रश्न. दर जूनला पावसाळ्याची मासेमारी बंदी लागली की घरात तो विषय निघतो, गिऱ्हाईकही येऊन बघून जातं, आणि ऑगस्ट उजाडला की आम्ही परत बर्फ भरतो.

त्या रात्री काठीवर किती बोटं डिझेल होतं यावर आमचं अजून जमत नाही. बाबा म्हणतात चार. मी म्हणतो पाच होती, पोचलो असतो.